जवारी

हेमंतातली केशरी उन्हं कृष्णाकाठच्या त्या गच्चीवर उतरत, तेव्हा तंबोऱ्यांसाठी वाळत घातलेले भोपळे एकेक करून सोनेरी होत. त्या सुवर्णपंक्तीमागे दस्तगीर तंबोरा जुळवत बसे. तार पेलणारी घोडी, तारेखाली सुताचा धागा. धागा केसभर सरकावा, जवारी, तारेचा तो भरदार झंकार, खुलावी, आणि घनगंभीर गुंजारवाने सारी गच्ची भरून जावी.

पण त्या घरातून तंबोरा बाहेर पडायचा तो जैतूनबीच्या शब्दावर. उंबऱ्याशी पाठमोरी बसून तांदूळ निवडता निवडता त्याची बायको म्हणायची, "खुलली." तो शब्द आल्याशिवाय चाळीस वर्षांत त्याने एकाही तंबोऱ्याला गवसणी घातली नव्हती.

मग जैतूनबीच्या मेंदूत गाठ उगवली. आधी नावं गेली, मग हाका गेल्या, शेवटी तो एक शब्दही गेला. त्या मौनात, त्या अथांग मौनात, दस्तगीरने एकट्याच्या कानावर सात तंबोरे जुळवले आणि धाडून दिले.

डॉक्टर केळुसकरबाईंनी समजावलं. औषध होतं, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत ते आत जाऊ देत नव्हती. आता कवटी न उघडता ध्वनीच्या शेकडो लहरी गाठीवर एकवटायच्या. रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे थरथरतील, भिंत काही तास किलकिली होईल, तेवढ्यात औषध आत शिरेल. दस्तगीर थक्क होऊन ऐकत राहिला.

उपचाराआधी तिला तयारीच्या खोलीतून बाहेर आणलं. तिचे केस उतरवले होते. भोपळे तासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने बायकोचं उघडं डोकं प्रथमच पाहिलं. इतकं लहान, इतकं नितळ. चीर आहे का पाहायला भोपळ्यावर टिचकी मारणारी त्याची बोटं आपसूक पुढे झाली, आणि तिच्या कपाळापाशी येऊन थिजली. त्याची त्यालाच लाज वाटली.

काचेपलीकडे यंत्र धडधडू लागलं. फार बेसूर आहे, तो पुटपुटला.

"तो नव्हे, चाचा," बाई हळूच म्हणाल्या. "काम करतोय तो आवाज कुणालाच ऐकू येत नाही."

दस्तगीर हादरला. केसभर फरक ओळखणारे त्याचे कान, आणि तिला तारणारा सूर त्या कानांच्याही पलीकडचा! पडद्यावर, गाठीच्या काळोख्या जागी, फिकट उजेड पसरला. भिंत उघडली होती.

अशी ती तीनदा उघडली, तीनदा मिटली. शिशिर सरला. जैतूनबीच्या डोक्यावर रुपेरी लव उगवली, ती पुन्हा उंबऱ्याशी तांदूळ घेऊन बसू लागली; बोलली मात्र नाही.

चैत्रातल्या एका सकाळी आठवा तंबोरा जुळला. दस्तगीरने डोळे मिटून ऐकलं, समाधानाने मान हलवली, गवसणी उचलली.

"नाही."

त्याचा हात हवेतच राहिला. उंबऱ्याशी ती पाठमोरीच होती.

"नाही खुलली," जैतूनबी म्हणाली.

तिचा आवाज! आनंदाने त्याचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी त्याला धाडून दिलेले तंबोरे आठवले. ते सात तंबोरे, त्याच्या एकट्याच्या कानांनी पारखलेले, कुठल्या कुठल्या मैफलींत न खुललेले गुणगुणत असतील.

डोळे पुसून तो पुन्हा बसला. गवसणी बाजूला सरली. उन्हात, त्याच्या बोटांखाली, सुताचा धागा केसभर सरकला. आणि उंबऱ्याशी तांदळातला हात थांबला.