भरतीचे शहाण्णव भाग

निकिता माझी नात. मे महिन्यात तिची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा झाली. पेपर वाईट गेला हे तिच्या तोंडावरूनच कळलं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलानं, गोपालनं, निकालाची वाटही पाहिली नाही. नांदेडला पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची बॅच पंधरा जूनला सुरू होणार होती, तिथं तिचं नाव टाकून तो मोकळा झाला. मधले चाळीस दिवस पोरीला काम नव्हतं. मला तर निवृत्तीपासूनच नाही.

आमच्या आर्णीत मे महिन्याच्या उन्हात बारानंतर कोणी उंबरा ओलांडत नाही. कूलरसमोर मी पुस्तक धरून बसलो होतो. ती आली आणि म्हणाली, "आबाजी, माझ्यासंगं अ‍ॅनिमे पाहता का? जपानचं कार्टून आहे, लढाईचं. हिंदीत बोलतात, तुमाले समजते."

मी हो म्हणालो. खरं तर नाही म्हणायला मला जमत नाही.

मालिका दोनशे चाळीस भागांची होती. उभ्या केसांचा एक मुलगा भाला घेऊन आपल्या जळालेल्या गावाचा सूड घ्यायला निघतो. पहिल्या दिवशी मला सगळे चेहरे सारखेच वाटले. आठवड्याभरात मी त्यांची नावं पाठ करून निकिताला सांगू लागलो. तिची आजी, इंदूबाई, बाजूला बसून तूर निवडायची. ती म्हणायची, "म्हातारपणी भालेकरी व्हाचं आहे का? चष्मा सांभाळा आधी."

मग तिसावा भाग आला. त्यात सूड नव्हता, लढाई नव्हती. सगळे योद्धे मिळून एका म्हातारीची हरवलेली कोंबडी शोधत होते. मी गोंधळलो. मलाच काही समजलं नसेल असं वाटलं.

"हा फिलर आहे, आबाजी," निकिता म्हणाली. "खरी गोष्ट आधी पुस्तकात येते, चित्रांच्या. पुस्तक मागं राह्यलं का मालिकावाले असं काहीबाही घुसवतात."

"म्हणजे भरती," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या नोकरीतला. शेजारच्या गावातल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. तपासणीच्या वेळी पुस्तकांचा आकडा पुरा दिसावा म्हणून काही गठ्ठे आणले जात. लेखक कोण, विषय काय, कोणी बघत नसे. आम्ही त्यांना भरतीची पुस्तकं म्हणायचो. मी ती तळाच्या कप्प्यात ठेवायचो. कोणी मागितलीच तर दुसरं चांगलं पुस्तक हातात द्यायचो. आयुष्यात मी ठामपणे काही केलं असेल तर एवढंच.

कोंबडीच्या त्या भागात निकिता पडद्याकडे पाहत नव्हती. एरवी मी शिंकलो तरी "श्श" करणारी पोरगी उशी पोटाशी धरून बोलत होती. वर्गातल्या मुलींबद्दल, यवतमाळच्या कॉलेजबद्दल. तिथं बी.एस्सी.ला जाऊन रोज एसटीनं परत येता येतं, असं काहीसं. मग तिनं विचारलं, "आबाजी, बाबा तुमचं आयकतात ना?"

"ऐकतो की," मी म्हणालो, आणि पडद्याकडे बोट केलं. "हे असं अजून किती आहे गं?"

तिनं मोबाईलवर पाहून सांगितलं, "शहाण्णव."

मी हिशेब केला. रोज चार भाग धरले तरी पंधरा जूनपर्यंत दोनशे चाळीस होत नव्हते. शहाण्णव वगळले तर एकशे चव्वेचाळीस उरतात, ते आरामात होतात. गोष्ट अर्धवट टाकून तिनं नांदेडला जावं हे मला बरं वाटेना. शिवाय ती पडद्याकडे पाहत नव्हती, म्हणजे कंटाळली असणार असं मी धरून चाललो.

"भरती सोडून देऊ," मी म्हणालो. "मूळ लेखकाचं तेवढं पाहू."

"आता जे चालू आहे थेही सोडाचं?"

"तेही. लाव पुढचं."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलून पुढचा भाग लावला.

मी कागदावर त्या शहाण्णव भागांचे आकडे उतरवून घेतले आणि तो टीव्हीखाली ठेवला. फिलर आला की निकिताच्या आधी मीच म्हणायचो, "भरती, पुढं." तिला गंमत वाटते आहे असं मला वाटे. दहा जूनला शेवटचा भाग झाला. त्या उभ्या केसांच्या मुलानं भाला नदीत सोडला आणि माझे डोळे भरून आले. निकिता म्हणाली, "झालं, आबाजी." चौदा तारखेला गोपाल तिला सोडून आला.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "पोट्टीनं शेवटी तुमाले सांगतलंच नाई का?"

"काय?"

"अवं, तिले पुन्हा परीक्षा द्याचीच नव्हती. यवतमाळले शिकतो म्हणे. मी म्हटलं, बापाले सांग. तं म्हणे, आबाजीपाशी बोलतो, थे बाबाले सांगतीन. मले वाटलं, रोज दोन-दोन तास संगं बसता, बोलणं झालं असन."

संध्याकाळी गोपाल दुकानातून आला तेव्हा त्याच्यामागे हातपाय धुवायच्या मोरीपर्यंत गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून उभाच राहिला.

"बाबा, तुमी आयुष्यात कधी मले कोन्त्या गोष्टीले नाई म्हटलं का? एकदा म्हटलं असतं तं मी थांबलो नसतो? आता तिकडचं सारं झालं, अन् यवतमाळच्या अर्जाची तारीख गेली. तवा काहून नाई बोलले?"

मला माहीत नव्हतं, एवढंच मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्यानं काही हलकं झालं नाही.

आता दुपारी मी ते सुटलेले भाग एकटा पाहतो. वाईट आहेत. योद्धे स्वयंपाकाची स्पर्धा लावतात, गाढव विकत घेतात, पावसात अडकून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात. काहीही घडत नाही. घडत नाही म्हणूनच शेजारचं माणूस बोलू शकतं, हे मला त्यांतल्या बाराव्या-तेराव्या भागाला समजलं. इतकी पुस्तकं वाचून हे आधी समजायला हवं होतं.

वसतिगृहात रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. गेल्या रविवारी तिचा आला. जेवण ठीक, खोलीत तिघी, टेस्टमध्ये मार्क कमी. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "मी फिलर पाहून राह्यलो."

ती हसली. "कायले, आबाजी? काही होत नाई त्यात."

"निकिता, त्या दिवशी तू मले काहीतरी सांगून राह्यली होती. आजीनं सांगतलं मले. मी तुझ्या बाबांशी बोललो, पण उशीर झाला."

तिच्यामागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"तुमाले खरंच समजलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मले वाटलं, समजलं. मी विषय काढला अन् तुमी म्हणाले, पुढचं लाव. मले वाटलं, तुमीही बाबाच्याच बाजूनं. तोंडावर नाई म्हणता येत नाई तुमाले, म्हणून भाग बदलवला." मग घाईनं म्हणाली, "आता राहू द्या ना. दुसरी पोरगी उभी आहे, ठेवतो मी."

मी सांगणार होतो की मला फक्त तिची गोष्ट पुरी व्हावी असं वाटत होतं. वाक्य जुळेपर्यंत फोन बंद झाला होता. पुढच्या रविवारसाठी ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. दोनदा खोडलं, कारण लिहिल्यावर ते सबबीसारखं वाचायला लागतं.