बुधवारचं पान

लोकांच्या घरी जाऊन त्यांचे कॉम्प्युटर, फोन आणि प्रिंटर ताळ्यावर आणणं हा माझा धंदा, आणि राग कायम माझ्या नाकावर. दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी लोक बोलावतात. वाय-फायचा डबा लोखंडी कपाटात कोंडून वर "रेंज येत नाही" म्हणणाऱ्याला मी सोडत नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ती स्क्रीनलाच चिकटवणाऱ्याला तर मुळीच नाही. पण माझं बोलणं लक्षात राहतं, असं लोकच म्हणतात.

सगळ्यात जास्त ते लक्षात ठेवलं रफूवाल्या काकूंनी. पाच वर्षांपूर्वी त्यांना प्रिंटर बसवून दिला तेव्हा मी दम भरला होता, "आठवड्यातून एक तरी रंगीत पान छापायचं. पडून राहिली की शाई सुकते. मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत." बाकीचे मान डोलावतात आणि विसरतात. काकूंनी बुधवार धरला. दर बुधवारी त्या दोऱ्यांच्या रंगांचं एकच पान छापत. त्यावर चाळीस चौकोन, प्रत्येकाखाली नंबर, आणि त्याच नंबराच्या खणात त्या रंगाचं रीळ. गिऱ्हाइकाचं कापड पानावर धरायचं, जुळणारा चौकोन शोधायचा आणि त्या नंबराचा दोरा काढायचा, अशी त्यांची पद्धत. जुनं पान तारीख घालून फायलीत जायचं.

त्यांचा फोन आला तोही बुधवारीच. "तुझा प्रिंटर निळा रंग खायला लागलाय," त्या म्हणाल्या. "लवकर ये."

काकूंच्या खोलीत शिरलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. भिंतभर लहान लहान खण आहेत. खिडकीतलं ऊन सकाळी लाल खणांवर असतं आणि दुपारपर्यंत सरकत सरकत निळ्यांवर येतं. त्या उन्हात बारीक तंतू तरंगत असतात, खाली पडायची त्यांना मुळीच घाई नसते. एकदा प्रिंटर सुरू व्हायची वाट बघता बघता मी तिथे खुर्चीतच झोपले होते. जाग आली तेव्हा माझ्या निळ्या स्वेटरचं फाटलेलं कोपर रफू झालेलं होतं. त्यालाही आता दोन वर्षं झाली. फोन आला त्या बुधवारीही मी तोच स्वेटर घालून गेले होते.

टेबलावर एक गडद निळा कोट पसरलेला होता.

"परत आला," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाच्या वडिलांचा आहे. गेले ते. मुलाला हा घालून कुठल्याशा कार्यक्रमात उभं राहायचंय. उन्हात बघितलं तर रफू काळं दिसतं म्हणाला. चाळीस वर्षांत माझ्याकडे परत आलेलं हे पहिलं कापड." त्यांनी त्या दिवशीचं पान माझ्यासमोर धरलं. "हा एकतीस नंबर निळा आणि हा चाळीस काळा. दोन्ही सारखेच छापतंय तुझं मशीन. मग माझी चूक होणार नाही तर काय?"

मी पान उजेडात धरलं. एकतीस नंबर चांगला ठसठशीत निळा होता.

बिघाड शोधायचा माझा एकच नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं. मी आधी कॉम्प्युटरची स्क्रीन तपासली, कारण संध्याकाळी ती पिवळट करायची एक सोय असते आणि लोक ती चुकून दिवसभर चालू ठेवतात. ती बंद होती. मग प्रिंटरचं टेस्ट पान काढलं. निळ्या रेघा एकसलग, कुठेही तुटक नाहीत. तरी शाई सोडणारं हेड साफ केलं, मग कागद बदलला, मग निळ्या शाईची नवी डबी घातली, आणि दर वेळी रंगांचं पान पुन्हा छापलं. शेवटचं पान मशीनमधून हळूहळू बाहेर येत होतं, एकेक ओळ, आधी पिवळे चौकोन, मग लाल, आणि मग तो निळा आला, उन्हात ओला. इतका सुंदर निळा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

"बघ," काकू म्हणाल्या. "तसंच काळपट."

मग मी फाईल मागितली. पहिल्या वर्षीचं पान काढून त्यांच्या हातात दिलं.

"हेही काळवंडलंय," त्या म्हणाल्या. "सगळी पानं तशीच झालीत. टिकत नाही गं तुझी शाई."

पाच वर्षांपूर्वीचा एकतीस नंबर माझ्यासमोर जसाच्या तसा निळा होता. स्क्रीन, कागद, शाई, मशीन, सगळं तपासून, बदलून झालं होतं. न बदललेली एकच गोष्ट माझ्यासमोर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती.

काकूंची सगळी कमाई, सगळा मान त्या डोळ्यांवर होता. एकटं राहणाऱ्या बाईला तुमची नजर गेली असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी घाबरले. सरळ सांगायचं तर पळ काढला.

"काकू, तुम्ही अगदी काळजी करू नका हं," मी म्हणाले. "जुनाच झालाय प्रिंटर. मी दुसरा बघते तुमच्यासाठी. तोवर तुम्ही छान आराम करा."

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाच वर्षांत तू माझ्याशी एकदाही गोड बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "काय झालंय ते नीट सांग."

मग मी सांगितलं. पान निळं आहे, काकू. सगळीच निळी आहेत. त्यांनी कोट मांडीवर ओढून घेतला. त्यावरून बोटं फिरवत राहिल्या, जणू रंग हाताला लागेल. ऊन निळ्या खणांवर आलं होतं आणि त्यांच्यासाठी ते आलेलंच नव्हतं, हे मनात येऊन मला रडू कोसळलं. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

"हात आहेत अजून," शेवटी त्या म्हणाल्या. "पण दोरा कुणाला विचारून घेऊ?"

"आधी डॉक्टरांना विचारू," मी म्हणाले आणि पुन्हा माझ्या मूळ आवाजावर आले. "उद्या सकाळी. मी येतेय. तयार राहा."

घरी जाताना मी डोळे बारीक करून चालत होते. उतरत्या उन्हात मधासारख्या पिवळट पाण्याखालून चालावं तसा रस्ता दिसत होता. एक दरवाजा, एक बादली, वाळत घातलेली चादर. डोळे मिटत आणले की सगळं राखाडी व्हायचं, उघडले की पुन्हा निळं. निळं किती आहे जगात, आणि ते दिसतंय म्हणून मी कधी कुणाचे आभार मानले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बऱ्याच दिवसांचा. तो असा सावकाश पिकतो की माणसाला वाटतं, जगच मळत चाललंय. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या बुधवारी काकूंनी बोलावलं. मी पोचले तेव्हा पाच वर्षांची पानं जमिनीवर पसरलेली होती, आणि काकू त्यांच्या मधोमध वेताच्या मोड्यावर बसून कधी उजवा डोळा झाकत होत्या, कधी डावा.

"याने बघितलं की खोलीत तूप सांडलंय," त्या म्हणाल्या. "आणि याने बघितलं की..." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सगळी निळीच होती गं. मीच उगाच मशीनला बोल लावला."

कोट तयार होता. मी खिडकीपाशी नेऊन उन्हात बघितला आणि रफू कुठे आहे ते मला सापडलं नाही. मी हात लांब करून तो परत देत होते, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. डावा डोळा झाकला. माझं कोपर उजेडात वळवलं.

तिथे त्याच निळ्या स्वेटरवर काळ्या दोऱ्याचं रफू होतं, बोटभर लांब, चांगलं ठळक.

"दोन वर्षं झाली याला," त्या म्हणाल्या. "तुला दिसलं नव्हतं?"

दिसलं होतं. त्याच दिवशी, घरी जाताना दिसलं होतं. मशीन बिघडायच्या आधी बारीकसारीक खुणा देतं, त्यांच्याकडे कानाडोळा करू नका, हे मी घरोघरी ओरडून सांगते. आणि इथे म्हातारीला कशाला दुखवा म्हणून गप्प बसले होते. सगळ्या जगाला बोलणारी मी, तेवढं एक बोलले नव्हते.

"दिसलं होतं, काकू."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. ती निघाली असती तर बरं वाटलं असतं. पण काकूंनी नुसता हात पुढे केला. "काढ तो. इथे बस."

त्यांनी काळा दोरा एकेक टाका उसवला, एकतीस नंबराचा खण उघडला आणि पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मी उघड्या हातांनी थंडीत बसून राहिले. प्रिंटरमधून त्या बुधवारचं पान सावकाश बाहेर येत होतं, आणि ते दोघींनाही सारखंच दिसत होतं.