शेजाऱ्याच्या घरची पाटी

आमच्या बेल्विक गावाला सव्वाशे वर्षं पूर्ण व्हायची होती, तेव्हा जुन्या हमरस्त्यावरच्या साबणाच्या जाहिरातीच्या पाट्या पुन्हा उभ्या करायचं ठरलं. पाट्या पाच, शंभर-शंभर पावलांवर, प्रत्येकीवर एकेक ओळ. गाडीतली माणसं पूर्वी त्या एका सुरात मोठ्यानं वाचत जायची. साबणाची कंपनी कधीच बुडाली होती, पण ऑरिन हाउगन यांच्या कोठारात चार पाट्या शाबूत निघाल्या:

गाल राहिले काटेरी
फुलं आणली भारी भारी
तरी पोरगी गेली कुठे?

आणि शेवटची, नुसती 'डॅन्बी दाढीचा साबण'. चौथी गायब.

चौथीवर काय होतं ते ठरवायला चर्चच्या तळघरात बैठक भरली. मी पोस्टात काम करते आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून टिपणं माझ्याकडे.

"शेजाऱ्याच्या घरी!" ऑरिन म्हणाले. वय एकोणऐंशी, आवाज बैलाचा. "माझ्या बापाच्या शेतात होत्या पाट्या. मला विचारा."

"आईच्या घरी असं होतं," कुणीतरी म्हणालं.

पाद्रीबाबांना 'देवाच्या घरी' आठवत होतं. त्यावर मग पोरगी मेली की काय, यावर अर्धा तास गेला.

"ती पाटी सत्तावन्न साली चोरीला गेली," ऑरिन म्हणाले. "बापाला वाटलं मीच नेमबाजीसाठी उपटली. हिवाळा येईपर्यंत डुकरांची घाण उपसत होतो. मी हात लावला नव्हता हो! बाप मरेपर्यंत त्याला पटलं नाही."

हे त्यांनी आम्हाला किमान चाळीस वेळा सांगितलं होतं, म्हणून सगळे कॉफीकडे वळले. एकट्या व्हर्ना टोलेफसन जागच्या हलल्या नाहीत. व्हर्नाबाई एक्याऐंशीच्या, आमच्या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या पत्नी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. ऑरिनही आलेले होते. स्वयंपाकघरात टेबलावर, बरण्यांचे गोल डाग पडलेली एक फळी होती. व्हर्नाबाईंनी ती उलटली. शेजाऱ्याच्या घरी.

ऑरिन खुर्चीत बसले.

"आमच्या लॉइडनं काढली," व्हर्नाबाई खाली बघत म्हणाल्या. "मला मागणी घालायला निघाला होता. दाढी घाईत केलेली, हातात फुलं. पाट्या वाचत आला आणि ही वाचून बिथरला. अपशकुन म्हणे. उपटली, गाडीत टाकली. लग्नानंतर दहा वर्षांनी मला सांगितलं. मुख्याध्यापक माणूस, अब्रू जाईल म्हणून मी फडताळात उलटी बसवली. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, ऑरिन. तू भोगलंस आणि मी त्याच फळीवर लोणची ठेवली."

ऑरिन फळीवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील.

"बापाला कळायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. मग एकदम मान वर केली. "थांब. तेव्हा तुमचा शेजारी कोण होता गं?"

"तूच."

"म्हणजे लॉइड टोलेफसनला माझी धास्ती होती?"

"लॉइडची नजर लहानपणापासूनच अधू होती, ऑरिन."

पण ऑरिन कुठले ऐकतात! दुपारपर्यंत त्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं. साठ वर्षांचा आळ धुऊन निघाल्याचं एका वाक्यात उरकायचे आणि धास्तीचं मात्र अभिनयासकट. त्यांची बायको फ्लोरा म्हणाली, "व्हर्नानं खुशाल न्यावं यांना. मी डबा भरून देते." प्रेमापायी केलेली चोरी देवही माफ करतो, असं म्हणत पाद्रीबाबांनी भर सभेत लॉइडची बाजू घेतली, आणि व्हर्नाबाईंचा जीव भांड्यात पडला.

चौथी पाटी व्हर्नाबाईंनीच ठोकायची, असा ऑरिनचा हट्ट. त्यांनी ठोकली, एक खिळा वाकडा.

उत्सवाच्या सकाळी ऑरिनचा जुना ट्रक मिरवणुकीत सर्वांत पुढे होता, शेजारी व्हर्नाबाई. मागे शाळेचं बँडपथक, ट्रॅक्टर, अग्निशमनची गाडी. रस्त्याकडेची माणसं पाट्या मोठ्यानं वाचत होती. पण ट्रक कसा चालवावा हे ऑरिनना समजावण्यात व्हर्नाबाई इतक्या रंगल्या की पाचही पाट्या मागे गेल्या.

"अगं, वाचल्यास का तू?"

"कुठे होत्या?"

ऑरिननी तिथेच ट्रक वळवला. बँड थांबला, ट्रॅक्टर एकमेकांच्या अंगावर आले, भोंगे वाजले. अख्खं बेल्विक उन्हात खोळंबलं. ट्रक पहिल्या पाटीच्याही पलीकडे गेला, पुन्हा वळला आणि पायी चालल्यासारखा सावकाश येऊ लागला. या वेळी व्हर्नाबाईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली होती.