कोरसमधली बहीण

बुटांच्या दुकानात, एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा, अशा अवस्थेत व्हायोलिनच्या मास्तरांना त्यांची गेलेली बहीण ऐकू आली.

दुकानदार समोर उकिडवा बसून अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघत होता. छतातल्या स्पीकरवर कुठलंसं गाणं लागलं होतं. असली गाणी मास्तरांच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखी. चालू असली तरी कानात शिरत नसत. पण मुख्य गायिकेच्या मागून हळूच दुसरा आवाज आला. वरचा सूर त्याने थेट धरला नाही. खालून आला, उंबरठ्याशी अडखळावं तसा किंचित अडखळला आणि मग वर जाऊन निवांत बसला. असा सूर मास्तरांच्या माहितीत एकच बाई लावायची. गाण्याच्या शेवटी वाद्यं थांबली आणि त्या आवाजाने श्वास घेतला, पुढची ओळ म्हणायला घ्यावा तसा. पुढची ओळ नव्हतीच. गाणं संपलं होतं.

"चवडा मोकळा वाटतोय ना, साहेब?"

मास्तर उठले आणि चालू लागले. दुकानदार "साहेब, तुमचा बूट! अहो, आमचा बूट!" म्हणत मागे धावला, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे होते आणि रस्त्यावरच्या पाण्याने त्यांचा मोजा ओला झाला होता.

बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती लहानपणी एका जागी टिकत नसे. मास्तरांहून बारा वर्षांनी धाकटी. घरात खरा गळा तिचाच, हे मास्तर स्वतः सांगत. तिने मोठ्या मैफली गाव्यात अशी त्यांची इच्छा होती, पण ती स्टुडिओत कोरस गायला जाऊ लागली. नटव्या गाण्यांमध्ये मागे आ-आ, ऊ-ऊ करायचं, नाव कुठेच येत नाही. मास्तरांनी एकदा नाक मुरडलं, ती एकदा हसली, आणि तो विषय तिथेच मिटला. भांडण असं कधी झालं नाही. दर रविवारी ती भावाकडे जेवायला यायची, वहिनीशी तासन्‌तास गप्पा मारायची. "काय चाललंय?" असं मास्तरांनी विचारलं की "चाललंय की, दादा" म्हणायची. अशी दहा वर्षं गेली. मग एका पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक नस. मागे उरली एक खोली, दोन कुंड्या आणि मास्तरांच्या घरात रविवारी रिकामी राहणारी खुर्ची.

बुटांच्या दुकानानंतर मास्तरांना बाहेर जायची धास्ती वाटू लागली. व्हायोलिन ऐकायचं तर माणूस ते ठरवून ऐकतो, तिकीट काढून जातो, नाहीतर आपल्या हाताने लावतो. ही गाणी कुठेही गाठत होती. न्हाव्याकडे, दाताच्या डॉक्टरांच्या बाकावर, लिफ्टमध्ये, शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या खिशातल्या फोनमधून. आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मागे उभं राहून गात होतं. मास्तर कान टवकारत. ही ती? नाही. मग ही? गर्दीत ओळखीची पाठ दिसावी, आपण धावत जावं आणि वळलेला चेहरा परकाच निघावा, तसं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. ते जेवेनासे झाले. संगीतशाळेत शिकवताना एका मुलीचा गज चुकीचा पडतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, तिनेच शेवटी थांबून विचारलं, "मास्तर, ऐकताय ना?"

बायकोने आठवडाभर नुसतं बघितलं. मग एका दुपारी ती शिवणयंत्रावरून उठली आणि समोर येऊन बसली. ती पडदे, अभ्रे शिवून द्यायची, तिच्या मांडीवर कायम दोऱ्याचे तुकडे असत.

"काय झालंय ते एकदा सांगून टाका."

त्यांनी सांगितलं. बायको हसली नाही. "कुठलं गाणं?"

"मला काय माहीत? सगळी सारखीच."

"चाल आठवते ना? वाजवा."

मास्तरांनी व्हायोलिन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर असलं गाणं वाजवलं. दोन ओळी होतात न होतात तोच बायको म्हणाली, "अय्या, हे जिन्यातलं गाणं! किल्ली विसरलेली मुलगी जिन्यात बसून राहते ते. केवढं चाललं होतं! तुम्ही घरात नसताना मी आणि भिंगरी मोठ्याने म्हणायचो."

"यात ती गायली आहे?"

"कामाचं ती मला कधी सांगायची नाही. आणि मी पण खोदून विचारलं नाही." बायकोने मांडीवरचे दोरे गोळा केले. "पण ऐकायचंच असेल तर घरात बसून नीट ऐका. असं चोरून, रस्त्यात उभं राहून काय ऐकताय?"

तिने फोनवर गाणं लावलं. मास्तर डोळे मिटून बसले. तो सूर आला, अडखळला, वर गेला. शेवटचा श्वास आला. पुढे काही नाही. मास्तरांनी पुन्हा लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते इतक्यांदा ऐकलं, की बायकोच्या यंत्राचे टाकेसुद्धा त्याच तालात पडू लागले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

मग ते दोघांचं रोजचंच झालं. मास्तर शिकवून आले की चहा व्हायचा आणि बायको एकेक गाणं लावायची. भिंगरीच्या कामाची दहा वर्षं, त्या दहा वर्षांत गाजलेली गाणी. मास्तर सुरुवातीला फक्त मागचं ऐकायचे. पुढचं त्यांना अडथळ्यासारखं वाटे.

"तेच चार सूर, पुन्हा पुन्हा," ते कुरकुरत.

"तुमचं घराणं तरी किती सुरांचं हो?" बायको म्हणे.

पण मागचं ऐकायचं तर पुढचं ऐकावंच लागतं. हळूहळू त्यांना दिसू लागलं की अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्याला ढोल मुद्दाम काढून घेतलाय, त्यामुळे शब्द उघडे पडतात. तमुक गाण्यात बाई नीट गातच नाही, कानात बोलते, आणि तसं बोलायला केवढा दम लागत असेल. एकदा ते एका विरहाच्या गाण्यावर "वा!" म्हणून गेले आणि चोरी पकडल्यासारखे गप्प झाले. बायको यंत्राकडे तोंड करून हसली.

गाण्यांबरोबर वर्षं येत होती. "हे लागलं होतं तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं," बायको सांगायची. "भिंगरी दवाखान्यात माझे पाय दाबत बसायची. आणि हे, आपण घर बदललं तेव्हाचं. सामानाच्या गाडीत ड्रायव्हरने लावलेलं. ती पुढे बसून म्हणत होती, तुम्ही मागे कपाट धरून बसला होतात." मास्तरांना कपाट आठवत होतं, गाणं नाही. आपण ज्या दहा वर्षांत राहिलो त्याच दहा वर्षांत शेजारी आणखी एक घर होतं, दिवे लागलेलं, माणसांनी भरलेलं, आणि आपण त्याच्या दारावरून रोज गेलो, असं त्यांना वाटू लागलं.

दोघांनी मिळून सगळ्यांत आवडती गाणी ठरवायचा खेळ सुरू केला. भांडायचे. बायकोचं पहिलं गाणं दर आठवड्याला बदले. मास्तरांचं जिन्यातलं. ते मागेपुढे झालं नाही. घरात एकटे असले की ते ऐकत, आणि शेवटच्या श्वासानंतर फोन बंद न करता बसून राहत. खोलीत कोणीतरी तोंड उघडून थांबलंय असं वाटायचं. कधी कधी ते हळूच म्हणत, "बोल."

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण मास्तरांना खात्री हवीशी वाटू लागली. भिंगरी जिथे कामाला जायची त्या स्टुडिओचा पत्ता बायकोला माहीत होता. एका सकाळी ते तिथे गेले.

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरची दोन अंधाऱ्या खोल्यांची जागा. रेकॉर्डिस्ट जाडजूड, बटणं चुकवून लावलेला स्वेटर घातलेला माणूस होता. मास्तरांनी नातं सांगितलं तेव्हा तो उभाच राहिला.

"तुम्ही दादा! बसा, बसा. तिच्या तोंडी सारखं तुमचं नाव. एखादा सूर बसला नाही की म्हणायची, थांबा, दादाने ऐकलं तर घरात घेणार नाही. पुन्हा करू." आणि मग आवाज खाली आणून, "फार वाईट झालं हो."

मास्तरांनी जिन्यातल्या गाण्याचं विचारलं.

"हे इथलंच," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पण यात ती नाही."

"नीट आठवून बघा."

"मास्तर, मीच रेकॉर्ड केलंय. ती दुसरी बाई. आता गाणं सोडून लहान मुलांची शाळा चालवते."

"माझे कान मला फसवणार नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "उभा जन्म याच कामात गेलाय. तो सूर मी तिला हात धरून शिकवलाय."

रेकॉर्डिस्ट वाद घालायला गेला नाही. त्याने ते जुनं काम शोधून काढलं, एकेक वाद्य बंद केलं, मुख्य गायिका बंद केली आणि मागचा एकटा आवाज सोडला. आजूबाजूचं सगळं गेल्यावर तो आवाज खोलीत उघडा उभा राहिला. गोड होता, सच्चा होता, पण जाड होता, वयाने मोठा, आणि शब्द वेगळ्याच तोंडातून येत होते. अडखळणं होतं, पण ते खोकला दाबल्यासारखं होतं. शेवटी श्वास आला. एका अनोळखी बाईचा श्वास. मास्तर इतके दिवस तिला "बोल" म्हणत होते.

मास्तर जायला उठले.

"तिचं ऐकायचंय?" रेकॉर्डिस्टने विचारलं. "पण ते तुम्हाला आवडेल असं नाही."

त्याने लावलं ते एक धांगडधिंगा गाणं होतं. टाळ्या, शिट्ट्या, आणि दर ओळीला पन्नास लोकांचा घोळका ओरडतो, "हेय!" बायकोने हे दोनदा लावलं होतं आणि दोन्ही वेळा मास्तरांनी पहिल्याच आरोळीला बंद करायला लावलं होतं.

"यात कोण? गाणारा तर पुरुष आहे."

"घोळका," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माणसं बोलवायला त्या दिवशी वेळच नव्हता. ती म्हणाली, मी आहे ना. आठ वेळा ओरडली, दर वेळी माइकपासून वेगळ्या जागी उभी राहून. एकदा बाई, एकदा बाप्या, एकदा शेंबडं पोर. वर मी थोडी करामत केली. पण माणूस एकच. सगळा घोळका तीच."

त्याने बाकीचं बंद केलं. काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीतून यावी तशी भिंगरी आली, आठ जणी, एकदम. एक किंचित उशिरा ओरडत होती. एकीला मधेच हसू फुटलं होतं आणि तिने ते तसंच आरोळीत ढकललं होतं. एकीच्या गळ्यात मास्तरांच्या वडिलांचा खर्ज होता. वडील जाऊन तपं उलटली होती.

"बंद करा," मास्तर म्हणाले.

रेकॉर्डिस्टने केलं. खोली इतक्या झटक्यात रिकामी झाली की मास्तरांनी खुर्चीचा हात धरला.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. जिन्यातली ती नव्हती हे ऐकून बायकोला धक्का बसल्याचं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं. भिंगरीबरोबर स्वयंपाकघरात इतकी वर्षं गायले मी. तिचा श्वास असा नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवायला लागला होतात," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. पहिल्यांदा दोरा हुकला, दुसऱ्यांदाही.

मास्तरांना वाटलं होतं की आता ते गाणं नकोसं होईल. दोन दिवस त्यांनी लावलंही नाही. तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना त्यांचे ओठ तीच चाल गुणगुणत होते. किल्ली विसरलेली मुलगी त्यांची कोणी लागत नव्हती, श्वास घेणारी बाईही नाही, तरी ते त्यांचं पहिलं गाणंच राहिलं. आरोळीचं गाणं मात्र ते घरात क्वचितच लावत. ते चालू असताना घर भरून जायचं, आणि संपल्यावरची शांतता दोघांनाही पेलायची नाही. बायको उगाच उठून खिडक्या लावायची, वारा नसताना.

परीक्षा संपल्यावर संगीतशाळेच्या हॉलमध्ये मुलांनी दंगामस्ती केली. वाद्यं पेट्यांत गेली होती, दुपारचं ऊन लाकडी फरशीवर पसरलं होतं, आणि कोणीतरी नेमकं तेच गाणं लावलं. मास्तर दारात उभे होते. पहिल्या आरोळीला हॉलमधली सगळी मुलं एकदम ओरडली, "हेय!" त्या गोंगाटात मास्तर तिला शोधू लागले. उशिरा ओरडणारी, हसू फुटलेली, वडिलांच्या खर्जातली. एकही सापडेना. मुलांनी तिला पार झाकून टाकलं होतं. ते गर्दीतून वाट काढत कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. आतून धक्के येत होते.

एका विद्यार्थिनीची आई घाईघाईने जवळ आली. "मास्तर, तुम्हाला त्रास होतोय का? आवाज कमी करायला सांगू?"

"नको," मास्तर म्हणाले. "जमलं तर थोडा वाढवा."