बसा, मित्रा

करडी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, यंदा इंग्रज अमदानीचे नाटक ठरले, आणि त्यातील ढिवराची भूमिका तळ्यात जाळे टाकणाऱ्या खऱ्या ढिवराकडे, म्हणजे मंगरूकडे आली. साहेब झाले होते धानाचे व्यापारी भोजराज मालक. नाटकातला साहेब ढिवराला सदैव उभा ठेवतो, परंतु तोच ढिवर त्याला बुडताना वाचवतो, आणि अखेरीस साहेब खुर्चीकडे हात करून म्हणतो, "बसा, मित्रा."

तालमीला खुर्ची नव्हती. भोजराज ते वाक्य हसतमुखाने उच्चारीत आणि मंगरू हवेतच किंचित वाकून थांबे.

"सांभाळून गा मंगरू," नाटक लिहिणारा धर्मेंद्र थट्टा करी, "अंग्रेज खुर्ची देऊन राहिला, मंग मासोरी फुकटात मागंल!"

सारे हसत. मंगरूही हसे. अर्धे आयुष्य त्याने भोजराजांच्या छपरीखाली उभे राहून मासोळी तोलून दिली होती. म्हणूनच ते दोन शब्द त्याच्या अंतःकरणात रुतून बसले. घरी पालथ्या टोपलीवर तो ताठ बसण्याचा सराव करू लागला.

"बसाले बी शिका लागते का जी?" त्याच्या बायकोने, जमुनाबाईने विचारले.

"मालकाच्या बरोबरीनं बसाचं आहे, जमुना."

मंडईच्या दुपारी भोजराजांच्या घरची शिसवी खुर्ची रंगमंचावर आली. साहेब वाचला. ओलेत्या अंगाने मंगरू त्या वाक्याची वाट पाहू लागला. भोजराजांची दृष्टी पुढच्या रांगेतील स्वतःच्या सोयऱ्यांकडे गेली. 

"तुझे उपकार विसरणार नाही," एवढे म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसले.

मंगरूचे गुडघे अर्धे वाकले होते. त्याने ते सावकाश सरळ केले आणि हात जोडून तो उभा राहिला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा रे मंगरू, काय उभा राहिलास गा!" पडद्यामागे भोजराज म्हणाले. "ते वाक्य जिभेवर आलंच नाही, पाह्य. जाता जाता खुर्ची घरी टाकून देजो."

खुर्ची डोक्यावर घेऊन तो निघाला. तळ्याच्या पाळीवर सोबत चालणाऱ्या जमुनाबाईने ती उतरवून खाली ठेवविली.

"अठी कोनी नाही. बसा न जी."

मंगरूने पंच्याने खुर्चीवरची धूळ पुसली.

"त्यानं 'बसा' म्हटलं कुठी, जमुना?" तो म्हणाला, आणि खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली.