दोन्ही डोळे बघायचे

कल्पना करा, की तुम्ही घोडेगावच्या गुरांच्या बाजारात उभे आहात. म्हशी, बैल, धूळ, चहाच्या टपऱ्या, आणि प्रत्येक जनावराभोवती चार जाणकार. हे जाणकार जनावराचं तोंड उघडून दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. शेवटी डोळ्याच्या कडेला हळूच रुमाल हलवतात. जनावर दचकलं तर नजर चांगली. माणसाला मात्र असं कोणी तपासत नाही. माणसाचं फक्त कौतुक करतात.

चांदभाई हे तिथले सगळ्यांत मुरलेले व्यापारी. बैल लंगडतो की नाही, हे ते पाठ फिरवून, नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगत. गेल्या आठ वर्षांत त्यांच्या स्वतःच्या चपलेचा नंबर आठावरून अकरावर गेला. बोटातली अंगठी निघेना म्हणून कापावी लागली. जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, आवाज घोगरा झाला. यावर बाजाराने एकमताने निदान केलं, की चांदभाईंना सुख मानवलंय. त्यांचे मित्र अजिनाथ यांच्या मते तर साठीत पाय वाढणं हे नशीबवानाचं लक्षण होतं. हे ज्ञान कुठून मिळालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे चांदभाईंचे खांदे दाराच्या चौकटीला घासू लागले. शेजारून आलेली मोटारसायकल त्यांना दिसेना. अजिनाथांनी त्याचाही शोध लावला: आजकाल पोरं गाड्या नीट चालवत नाहीत.

चांदभाईंची नात मेहविश पाचवीत होती. सुट्टीत ती दादांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, बाजारात जायची आणि ते तिला जनावर कसं पारखायचं ते शिकवायचे. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, "दोन्ही डोळे बघायचे. इकणारा चांगल्या डोळ्याचीच बाजू पुढं करतो."

एके दिवशी मेहविशला सराव करायचा होता आणि घरी बैल नव्हता. दादा ओट्यावर चहा पीत बसले होते. तिने उजवीकडून रुमाल हलवला. दादा चहा पीत राहिले. डावीकडून हलवला. तरी चहाच. समोर आणला तेव्हा मात्र ते असे दचकले, की कप सांडला. मेहविशने सरळ आत जाऊन वडिलांना, म्हणजे फैयाजला, सांगितलं. एवढ्या जाणकारांना आठ वर्षांत जे दिसलं नाही, ते एका रुमालाने दाखवलं.

फैयाज चांदभाई आणि मेहविश दोघांनाही घेऊन नगरला दवाखान्यात गेला. अजिनाथही गेले, कारण सल्ला द्यायला कोणीतरी हवंच. तपासण्या झाल्यावर डॉक्टर सुचित्रा यांनी समजावून सांगितलं. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. शरीराने किती वाढायचं, याचा हुकूम ती सोडते. चांदभाईंच्या ग्रंथीत द्राक्षाएवढी गाठ झाली होती. गाठ कर्करोगाची नव्हती, पण गरज नसताना वाढीचे हुकूम सोडत होती. शिवाय वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा तिने दाबल्या होत्या, म्हणून कडेचं दिसत नव्हतं. उशीर केला तर गेलेली नजर परत येणार नव्हती. गाठ काढायची होती, नाकातून दुर्बीण घालून.

हे ऐकून चांदभाई उठून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात शेकडो बैलांची नाकं टोचून वेसण ओवली होती. त्या वेळी बैल काय म्हणत असेल, याचा विचार त्यांनी बहुधा आजच पहिल्यांदा केला.

"नाकातनं न्हाई. मी काय बैल हाय का?"

अजिनाथांनी दुजोरा दिला. चाळीस वर्षं तपकीर ओढल्यामुळे नाकाची वाट घशापलीकडे जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मेहविशने दादांचा हात धरला. "दादा, कडेचं न दिसणारा बैल तुमी घेतला असता का?"

चांदभाई आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले, आणि सही कुठे करायची ते त्यांनी विचारलं.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. नाकाच्या आतून, मागचं पातळ हाड उघडून गाठ तुकड्यातुकड्याने काढली. भोक बुजवायला त्यांच्याच पोटातली थोडी चरबी लावली. कपाळावर टाका नाही, डोक्याला पट्टी नाही. घरी बघायला आलेल्यांची फार निराशा झाली. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अजिनाथ भेटायला आले ते तपकिरीची डबी घेऊन, नाक मोकळं व्हावं म्हणून. मेहविशने ती डबी काढून घेतली.

मग सगळ्यांसमोर अजिनाथांनीच खिशातून रुमाल काढला आणि चांदभाईंच्या उजव्या बाजूला हलवला. चांदभाईंनी समोर बघता बघता डोकं मागे घेतलं.

"बाजूला घे तो मळका रुमाल," ते म्हणाले.

सगळे हसले. अजिनाथांनी नजर शंभर टक्के परत आल्याचं जाहीर केलं, आणि जो तो चहाच्या कपाकडे वळला.

मेहविशने अजिनाथांच्या हातातून रुमाल घेतला, खाटेला वळसा घातला आणि ती दादांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.