एका दुपारचा मालक

अभिमन नानांनी डोक्यावरचा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा धाडकन खाली टाकला, उपरण्याने मान पुसली आणि बाजेवर बसलेल्या निंबाला विचारलं,

"मालक, जाळ आठीच बाजेजवळ पेटवू, का जरा तिकडे?"

निंबा ताडकन उठायलाच निघाला होता. इतक्या वर्षांची सवय. नाना उभे असताना आपण बसायचं म्हणजे काय! पण लेकीने, मयुरीने, मागून त्याचा खांदा दाबला, म्हणून बिचारा पुन्हा टेकला.

"आठीच पेटव," तो म्हणाला, आणि घाबरून पुढे जोडलं, "जमलं तर."

नाना गालातल्या गालात हसत काड्या रचायला बसले. मयुरीच्या बँकेतली मंडळी विहिरीकडे फोटो काढत होती म्हणून बरं, नाहीतर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

हे सगळं सोंग उभं राहिलं ते एका शब्दापायी. मयुरीला जळगावच्या बँकेत लागून थोडेच महिने झाले होते. तिच्या डब्यातलं भरीत ऑफिसात फस्त झालं, कुणीतरी विचारलं वांगी कुठली, आणि ती म्हणून गेली, "आमच्या शेतातली." खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. निंबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर नानांच्या शेतात राबणारा गडी; पण तो जन्मभर 'आमचं शेत'च म्हणत आला आणि पोरीच्या तोंडातही तेच बसलं. ऑफिसातल्यांनी मात्र तिच्या गावच्या, असोद्याच्या शिवारात तिच्या नावाची केळीची बाग, विहीर, बंगला, सगळं लगेच उभं केलं. "मग यंदाची भरीत पार्टी तुझ्याच शेतात!" म्हणत भूपेंद्रने टाळी मागितली, आणि या शहाणीने ती दिली. झालं!

तेव्हाच खरं सांगून टाकायला काय झालं होतं? तिथे कुणाला पप्पांनी गाडी घेऊन दिलेली, कुणाचा फ्लॅट सासऱ्यांनी बुक केलेला. मयुरीचे ऑफिसचे ड्रेस दोन. ओढण्या आलटूनपालटून घेतल्या की ते चार वाटायचे. सालदाराची पोर म्हणून कळलं की लोक कसे बघतात ते तिला ठाऊक होतं. वाईट बघत नाहीत, पण कीव आल्यासारखं वाकून बघतात. त्यापेक्षा जमीन दुभंगलेली बरी, असं तिला वाटायचं.

घरी तिने आपल्या आबांना, निंबाला, हे रडतच सांगितलं. गोष्ट नानांच्या कानावर गेली आणि त्यांना तर आयतीच जत्रा मिळाली. तरुणपणी गावच्या नाटकात काम केलेला माणूस तो! "तू मालक, मी सालदार," त्यांनी जाहीरच करून टाकलं. "एका दुपारचा तर सवाल हाये."

आणि दुपार काय रंगली म्हणता! पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी तडतडली, सालं निघाली, लाकडी बडगीत घालून मयुरीने ती मुसळाने ठेचली. वरून मिरची-लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा आणि तेलाची सढळ धार. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आईच्या कढईतून निघत होत्या आणि निघाल्या निघाल्या गायब होत होत्या. मॅनेजर दिपमाला मॅडम चपला काढून चक्क मातीत बसल्या होत्या. भूपेंद्रच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ताट पुढे होतंच.

नानांना तर ऊतच आला होता. "मालक, पाणी आणू? मालक, मीठ कमी नही ना?" असं कमरेत वाकून विचारत ते पंगतीतून फिरत होते. निंबा बाजेच्या कडेला अवघडून बसला होता. 'हो', 'नही' आणि 'वाढा' यापलीकडे तो काही बोललाच नव्हता.

"काका, माणूस लाख मोलाचा मिळालाय तुम्हाला," भूपेंद्र नानांकडे बोट करत म्हणाला. "मुलंबाळं आहेत का त्यांना?"

नानांनी तोंड उघडलं, पण निंबा आधी बोलला.

"हाये ना! एक पोरगी हाये त्याले." त्याचा चेहराच फुलला. "काय सांगू साहेब! पंपाच्या खोलीत बसून अभ्यास करे. मोटर सुरू राहिली की बाहेरचं काही ऐकू येत नही म्हने! नोकरीच्या परीक्षेत किती डाव पडली, पण हटली नही. कॉलेजात तर पहिली आली व्हती."

दुसऱ्या खेपेची वांगी ठेचणारे मयुरीचे हात मुसळावरच थांबले.

"सत्कार व्हता तिचा. मायबापाले बलावलं व्हतं. हा गडी माह्याकडे सुट्टी मागाले आला. नवा सदरा शिवून ठेवला व्हता त्याने. मी नही दिली सुट्टी. केळीचा माल निघायचा व्हता, ट्रक उभा व्हता. पोरगी एकटीच गेली." निंबाने ताट बाजूला सरकवलं. "चुकलं माह्यं. एक दिवस थांबली असती केळी."

नाना जाळाजवळ जाऊन बसले आणि मान खाली घालून काड्या मोडू लागले.

मयुरीला तो दिवस लख्ख आठवत होता. 'मले काय समजते तठलं, तूच जाय,' असं आबा म्हणाले होते. तिने तेच खरं धरलं होतं, आणि मनात कुठेतरी आबांवर रागही धरला होता. सुट्टी मागितली होती त्यांनी! त्या रागाची तिला लाज वाटली आणि त्याच दमात इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना.

"आता कुठे असते ती?" दिपमाला मॅडमनी विचारलं.

निंबा भानावर आला. आपण काय बोलून बसलो ते कळून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथेच असते, मॅडम." मयुरी उठून बाजेजवळ गेली. "मीच ती. हे माझे आबा, सालदार आहेत. शेत नानांचं आहे, आणि हे काड्या मोडतात ते नाना."

भूपेंद्रच्या हातातली पुरी तोंडाच्या वाटेवरच राहिली. मग मॅडमनाच हसू फुटलं.

"अगं बाई! म्हणजे मघापासून मी मालकांना पाण्याला पिटाळतेय?"

हास्याचा असा काही स्फोट झाला की विहिरीवरची पाखरं उडाली. "पंपाच्या खोलीत? खरंच?" भूपेंद्र पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि मयुरी डोळे पुसत, हसत, मान हलवत होती. तिला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

निंबा मात्र हात जोडून बाजेवरून उठला.

"नाना, बोलण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं..."

नानांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. स्वतः समोर उभे राहिले. पण आता कमरेत वाकणं नव्हतं की नाटकी आवाज नव्हता.

"मालक," ते हळूच म्हणाले, "पोरीचा पुढचा सत्कार राहील, तव्हा सुट्टी द्याल ना मले?"

निंबाने पोरीकडे पाहिलं, मग नानांकडे.

"दिली," तो म्हणाला, आणि पाय वर घेऊन बाजेवर ऐसपैस मांडी घालून बसला.